काशीला सोडलेली गादी

गणपतराव काशीला जाऊन आले, ही बातमी गांधीबागेच्या साऱ्या कापडबाजाराला कळली, पारशिवनीपर्यंत पोचली, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द गणपतरावांना कळली. तोवर त्यांची काशी, प्रयाग, गया अशी सगळी यात्रा यथासांग आटोपली होती. त्यांनी स्वतः मात्र ते तीन महिने बिछान्यावर काढले होते. आधी पाच आठवडे धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणि मग महालातल्या आपल्याच घराच्या मागच्या खोलीत.

कळलं ते असं. सन एकोणसत्तरचा दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला गणपतराव मागच्या अंगणात बाजेवर, उन्हाला पाठ देऊन बसले होते. तेवढ्यात पुढच्या दाराशी बोलणं ऐकू आलं आणि पाठोपाठ रुपराव आत आला. रुपराव पारशिवनीचा. तिथं त्याचं कापडाचं बेताचं दुकान होतं, आणि तीस वर्षं तो माल भरत आला होता तो फक्त गणपतरावांकडून. सून देवकी त्याला पुढच्या खोलीत बसवायला धडपडत होती, पण तो तिला ओलांडून सरळ अंगणात आला, डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून गणपतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"हे काय करून राहिला गा तू?" गणपतराव पाय मागे घेत म्हणाले. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना राम रामापलीकडे काही केलं नव्हतं.

"ठेवू दे डोकं, भाऊ. काशी करून आलेल्याच्या पाया पडलं का थोडं पुन्न आपल्यालेबी भेटते. गंगापूजनाचं आवतन तं भेटलं मले, पन धीर नाही निंघाला. दुकानात तुह्या पोट्ट्यानं, ओमप्रकाशनं सांगतलं का परवाच आले म्हनून, तसाच आलो."

'कोणती काशी?' हा प्रश्न गणपतरावांच्या ओठांवर आलाच होता. पण रुपरावाच्या मागे, दारात, कौशल्याबाई उभ्या होत्या आणि त्यांनी नवऱ्यासमोर हात जोडले होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं कशासाठीही हात जोडले नव्हते. गणपतरावांनी प्रश्न गिळला.

"वाळला गा तू," रुपराव बाजेच्या कडेला टेकत म्हणाला. "पन तोंडावर तेज आलं. अन् सोडलं काय, तेबी आयकलं. लोकं वांगं सोडते, पेरू सोडते. माह्या बापानं कारलं सोडलं होतं, जे तो कधी खातच नव्हता. तू गादी सोडली. डोयात पानी आलं माह्या."

काशीला गेलेल्यानं आपली एखादी आवडती गोष्ट तिथं कायमची सोडून यायची, ही जुनी रीत. गणपतरावांनी तिथं काय सोडलं, हे त्यांना आत्ता समजत होतं.

रुपराव उठता उठता अडखळला. मग म्हणाला, "एक मागनं होतं. माय लय थकली माही. गंगेचं थोडं पानी तिच्या तोंडात पडलं, तं बरं होईन." देवकी लगबगीनं आत गेली आणि लाखेची मोहर लावलेला तांब्याचा इवलासा गडू तिनं सासऱ्यांच्या हातात आणून ठेवला. म्हणजे घरात गंगासुद्धा येऊन पडली होती. गणपतरावांनी तो गडू रुपरावाच्या ओंजळीत दिला. रुपरावानं डोळ्यांना लावला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि तो निघून गेला.

आता गादी म्हणजे तरी काय मोठं, असं एखादा परका विचारील. गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात तेव्हा ना खुर्ची असायची ना टेबल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, वर पांढरीशुभ्र चादर, टेकायला लोड. गिऱ्हाइकानं पायरीशी वहाणा काढायच्या, वर यायचं आणि मालकाच्या मांडीला मांडी लावून बसायचं. मग चहा, मग गावाकडच्या खबरी, मग कापूस किती निघाला, आणि यातून वेळ उरला तर लुगडी-धोतरं. खेड्यातले दुकानदार दुपारी त्याच गादीवर शिदोरी सोडायचे आणि तिथंच तासभर लवंडायचे. गणपतराव सोळाव्या वर्षी त्या गादीवर बसले होते आणि आता त्यांना चौसष्टावं चालू होतं. उभ्याउभ्या सौदा त्यांनी जन्मात केला नाही. उभ्यानं भाजी विकतात, असं ते म्हणायचे. डोळे मिटून नुसत्या बोटांनी सूत ओळखणारा हा माणूस, आणि त्याच्या पोरानं त्याला न विचारता त्याची गादी गंगेत सोडून दिली होती. तळपायाची आग मस्तकाला गेली नसती तरच नवल.

दुखण्याची हकिगत थोडक्यात सांगितलेली बरी, कारण लांबवली की सांगणाऱ्यालाही राग येतो. वर्षभर शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध असेल, असं आधी गणपतरावांनी ठरवलं आणि मग साऱ्या घरानं. असल्या जागेचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, ही आपली पद्धत. त्यामुळे सुरणाची भाजी झाली, ताक झालं, कुणा जडीबुटीवाल्याच्या पुड्या झाल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी आषाढात पोट फुगून मरणाच्या कळा आल्या, तेव्हा कुठं धंतोली गाठली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ वाईट आहे, म्हणाले. खालचं आतडं आणि मागची वाट दोन्ही काढावी लागतील. उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर, डाव्या अंगाला काढून देऊ, आता शौच तिथूनच होईल, कायमचं.

"कायमचं म्हंजे किती दिवस?" असं कौशल्याबाईंनी विचारलं होतं.

शुद्धीवर आल्यावर आठ दिवस गणपतरावांनी त्या जागेकडे पाहिलं नाही. मलमपट्टी व्हायची तेव्हा ते छताकडे बघत पडायचे. दवाखान्यात शोभाताई म्हणून एक नर्स होती, उंच आवाजाची, हाताला हलकी. नवव्या दिवशी तिनं त्यांचा हात मनगटाला धरून पोटावर ठेवला आणि म्हणाली, "लावा हात, बाबाजी. दुसऱ्याचं नाही, तुमचंच आहे." तिनंच सगळं शिकवलं. रोज सकाळी ठरल्या वेळी एनिमाच्या डब्यानं आतडं धुऊन घ्यायचं, वर कापसाची घडी ठेवायची आणि पट्टा आवळायचा. धुणं नीट झालं की दिवसभर काही येत नाही. वांगं, चण्याची डाळ, गोडधोड बेतानं खायचं. दुकानात बसता येईल का, असं गणपतरावांनी भीतभीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गठ्ठे उचलू नका. बाकी राज्य करा."

या एका वाक्यावर तो माणूस बरा झाला. मागच्या खोलीत दोन महिने त्यांनी ती सकाळची कवायत घोटली. सुरुवातीला रोज चादरी खराब झाल्या. त्यांनी देवाला शिव्या दिल्या, भिंतीकडे तोंड करून रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा खुंटीला टांगला. आता दहातले नऊ दिवस पट्टा कोरडा राहत होता. दिवाळीच्या गिऱ्हाइकीआधी गादीवर बसायचं, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि तेवढ्यासाठीच ते रोज सकाळी उठत होते.

दवाखान्यातून त्यांना टांग्याला पडदा लावून आणलं होतं. वारं लागू नये म्हणून, असं ओमप्रकाश म्हणाला होता. दोन महिने कौशल्याबाई ना देवळात गेल्या ना भाजीबाजारात. आपल्यासाठी बायको घराचा उंबरा ओलांडत नाही, हे पाहून गणपतराव कितीदा मनातून गहिवरले होते. आता त्यांना त्या गहिवराचाच संताप आला. ती बाई काशीत होती, भाजीबाजारात दिसणार कशी?

संध्याकाळी ओमप्रकाश दुकानातून आला आणि नेहमीसारखा मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पस्तिशीचा झाला होता, धंद्यात हुशार होता, बापाच्या औषधपाण्यात त्यानं काही कमी केलं नव्हतं. पण दोन महिने तो त्या उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"ओम, मी काशीले कधी गेलो रे?" गणपतरावांनी विचारलं.

ओमप्रकाशनं आईकडे पाहिलं. आईनं जमिनीकडे पाहिलं. "लोकायले काहीतरी सांगावंच लागत होतं, बाबूजी," तो म्हणाला. "पयल्या दिवशी एक जन विचारत आला, शेठजी कुठी हाये. तोंडातून निंघून गेलं, यात्रेले गेले. दुसऱ्यानं विचारलं, कोनत्या यात्रेले. तिसऱ्यानं विचारलं, कधी येनार. मंग होतच गेलं ते."

"दवाखान्यात हाये, असं म्हनता येत नव्हतं?"

"कायचा दवाखाना, असं विचारलं असतं ना. काय सांगू मी? का माह्या बापाले पोटातून..." पुढचा शब्द त्याच्यानं बोलवला नाही. त्यानं मान वळवली, आणि गणपतरावांनी ती वळलेली मान पाहिली.

"अन् गादी?"

"लोकं आपल्या गादीवर जेवते, बाबूजी. निजते. त्यायले मालूम पडलं तं कोनी पायरी चढन का? त्याच्यापरीस तुमी स्वतःहून सोडली असं झालं, तं तुमचा मान वाढते. लोकं पाया पडून राहिले तुमच्या. माहं काय चुकलं?"

"त्याले मीच हो म्हनलं," कौशल्याबाई मध्येच बोलल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. लोकं तुमाले पाहाले आले असते अन् नाकाले पदर लावून गेले असते. ते माह्याच्यानं पाहवलं नसतं."

"म्हंजे तुलेबी लाज वाटली वं माही."

"तुमची नाही वाटली."

"मंग कोनाची वाटली?"

 कौशल्याबाई ताट वाढायला उठल्या आणि गणपतरावांनी ताट परत पाठवलं. सुनेवर ओरडले, औषधाची बाटली भिंतीवर फेकली, आणि ओमप्रकाशला म्हणाले की मी मेलो असतो तर तू लोकांना सांगितलं असतंस, बाबूजी हिमालयात गेले म्हणून. पोटाला ताण बसून जखम दुखायला लागली, तेव्हा कुठं थांबले.

पेच मोठा नामी होता. गंगापूजन सहा दिवसांवर आलं होतं, दीडशे माणसांना आवतन गेलं होतं. त्या दिवशी पूजेत भटजी विचारणार, काशीला काय सोडलं, आणि यजमानानं ते गंगेसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. एकदा सांगितलं की ते परत घेता येत नाही. वांगं सोडलेला माणूस मरेपर्यंत वांग्याला हात लावत नाही. गादी म्हटलं, की गादी गेली. आणि नाही म्हटलं, तर काशी गेली, घराची अब्रू गेली आणि पोटावरची गोष्ट साऱ्या बाजाराची झाली. ओमप्रकाश सहा दिवस बापाची मनधरणी करत राहिला, अर्थात उंबऱ्याबाहेरून. गणपतराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. खरं बोलायचं तर त्यांची जीभ उचलत नव्हती. लोकांनी नाक धरलेलं त्यांनाही बघायचं नव्हतं, आणि ही भित्री गोष्ट आपल्याही पोटात आहे, याचा त्यांना पोराहून जास्त राग येत होता.

गंगापूजनाला पुढच्या अंगणात मांडव पडला. केळीचे खांब लागले. आचाऱ्यांनी वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बुंदी असा बेत केला. चौरंगावर गंगेचा गडू, त्याला हार, समोर पाटावर गणपतराव आणि कौशल्याबाई, दोघांच्या उपरण्या-पदराची गाठ. नवं धोतर पट्ट्यावर तट्ट बसलं होतं. मागे ओमप्रकाश हात जोडून उभा, आणि सकाळचा गारवा असून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पाया पडणाऱ्यांची रांग लागली. बायका कौशल्याबाईंना विचारत होत्या, घाट किती आहेत, गर्दी होती का, आणि त्या हं हं करत होत्या. गणपतराव एकेक डोकं पायांवर टेकताना बघत होते. अकरा डोकी मोजली त्यांनी. प्रत्येक डोक्यागणिक त्यांचा राग चढत गेला.

भैयाजी म्हणून म्हातारे भटजी होते. त्यांनी संकल्प सोडला, अक्षता दिल्या आणि विचारलं, "हं यजमान, काशीक्षेत्री काय सोडलं, ते गंगामाईसमोर सांगा."

"मी काशीले गेलोच नाही, भैयाजी," गणपतराव म्हणाले.

ओमप्रकाश पुढे सरकला. गणपतरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पाटावरून उठले. गाठ बांधलेली, म्हणून कौशल्याबाईंनाही उठावं लागलं.

"मी धंतोलीत होतो. दवाखान्यात. आतड्यात गाठ होती माह्या. डॉक्टरनं खालचं समदं काढलं, अन् आता माह्यं शौच पोटातून होते. इथून." त्यांनी धोतरावरून डाव्या अंगाला हात ठेवला. "ही माह्यापाशी होती, हिनंबी काशी पाहिली नाही. हे पानी कुठचं हाये ते मले मालूम नाही. सोडलं काय, असं विचारसान तं हातभर आतडं सोडून आलो, दवाखान्यातल्या बादलीत. गादी मी सोडली नाही. उद्या सकाऊन नऊ वाजता मी गादीवर बसनार हाये. ज्याले यायचं त्यानं यावं."

 एका बाईनं पदर नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला, पण बाकीच्यांनी बघायचं ते बघितलं होतं. शेवटच्या रांगेतल्या एकाला अचानक काही काम आठवलं. त्याच्या शेजाऱ्यालाही आठवलं. कामं आठवायला लागली की एकदम सगळ्यांनाच आठवतात. बघता बघता शंभरेक माणसं निघून गेली. उरलेल्यांतले कोण माणुसकीला धरून थांबले आणि कोण बुंदीला, हे विचारण्यात अर्थ नाही.

रुपरावही उठला होता. तो मात्र दाराकडे न जाता गणपतरावांसमोर येऊन उभा राहिला.

"पोटाचं मले काही नाही, गणपतराव. गोठ्यात जलम गेला माहा," तो म्हणाला. "पन त्या दिवशी मी तुह्या पायावर डोकं ठेवलं, तवा काहून नाही सांगतलं? पोट्टा खोटं बोलला तं बोलला. गडू तं तू आपल्या हातानं देला मले. माय रोज सकाऊन त्यातला थेंब घेते. आता तिले जाऊन मी काय सांगू?"

 पोरावर, बायकोवर, नाक धरणाऱ्या साऱ्या बाजारावर चढलेला गणपतरावांचा राग त्या क्षणी फिरून त्यांच्यावरच आला. रुपराव न जेवता गेला.

पंगत बसली. गणपतरावांच्या डावीकडचं पान रिकामं राहिलं आणि उजवीकडचंही. ते दोन रिकाम्या पानांमध्ये बसून जेवले, आणि हट्टानं जेवले. वांग्याची भाजी दोनदा घेतली, बुंदी तीनदा. कौशल्याबाईंनी वाढणाऱ्याला हातानं खूण केली, ती त्यांना दिसली, म्हणून चौथ्यांदा मागून घेतली.

अशा जेवणाचं व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यानं धुताना आतडं काही केल्या साफ होईना. नवाची वेळ भर मांडवात सांगून बसलेले, त्यामुळे थांबायचीही सोय नव्हती. गणपतरावांनी कापसाची दुप्पट घडी ठेवली, पट्टा आवळला आणि काठी टेकत पायीच गांधीबागेत गेले. ओमप्रकाश चार पावलं मागे चालत होता. दुकान उघडलं, नवी चादर अंथरली. गणपतराव लोडाशी आपल्या जागेवर बसले. ओमप्रकाश गादीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून बसला.

पहिले आले ते कामठीकडचे दोन दुकानदार. पायरीशी आले, वहाणा न काढता राम राम केला आणि तिथूनच लुगड्यांचा भाव विचारला.

"वर या," गणपतराव म्हणाले.

"घाई हाये, शेठजी. उभ्याउभ्याच सांगा."

"मंग जा," गणपतराव म्हणाले. ते दोघं समोरच्या दुकानाची पायरी चढले आणि तिथं वहाणा काढून ऐसपैस बसले, अगदी दिसेल असे.

"पाहून राहिले ना?" ओमप्रकाश म्हणाला.  गणपतराव समोरच्या दुकानाकडे रोखून बघत बसले. दीड तासात आणखी तिघं आले. तिघेही पायरीवरूनच परतले.

अकराला रुपराव आला. त्यानं वहाणा काढल्या, वर चढला आणि गणपतरावांपासून हातभर अंतरावर बसला. तोंड रस्त्याकडे ठेवलं.

"तुह्याशी बोलाले नाही आलो," तो म्हणाला. "दिवाळीचा माल भराचा हाये. दुसऱ्याच्या गादीवर मले बसता येत नाही, म्हनून आलो."

"मायले सांगतलं का?" गणपतरावांनी विचारलं.

"नाही सांगतलं. आजबी घेतला तिनं थेंब. तुह्या पोट्ट्याचं खोटं आता माह्या घरातबी राहाले आलं, अन् मीच त्याले रोज पानी देऊन राहिलो." मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "लुगडे दाखव."

गणपतरावांनी लुगडं हातात घेतलं. उलगडायला पुढे वाकले आणि डाव्या कुशीला ऊबदार ओल जाणवली. काय झालं ते त्यांना पाहायच्या आधीच कळलं. पट्टा सुटला नव्हता, कापूस अपुरा पडला होता. धोतरातून पांढऱ्या चादरीवर तळहाताएवढा पिवळा डाग उतरला होता आणि वास गादीभर पसरत होता. रुपरावानं डाग पाहिला. तो हलला नाही, फक्त त्यानं पानाची चंची काढली आणि सुपारी कातरायला घेतली. ओमप्रकाश मात्र ताडकन उठून पायरीकडे निघाला.

"ओम," गणपतराव म्हणाले. "बाहेर नाही. मधात चाल."

"मले नाही जमत, बाबूजी."

"मले तरी कुठी जमत होतं?"

दुकानामागे कापडाची थानं ठेवायची अंधारी खोली होती, तिथं एक नळ होता. गणपतराव काठी न घेता उठले आणि डागाचं धोतर तसंच सावरत आत गेले. ओमप्रकाश मागून आला, दार लोटलं आणि थानांच्या थप्पीकडे तोंड करून उभा राहिला. गणपतरावांनी पट्टा सोडला, कापूस काढला, नळाखाली हात धरला.

"पाह्य इकडे," ते म्हणाले.

ओमप्रकाश हलला नाही.

"पाह्य म्हनतो ना. ज्याच्यापायी तीन महिने मले काशीले धाडलं, ते पाह्य एकदा. तुह्या बापाचंच हाये."

ओमप्रकाश वळला. आधी त्यानं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली. शिवलेल्या पोटावर डाव्या अंगाला बंद्या रुपयाएवढं लालसर, ओलसर काहीतरी होतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. तो बराच वेळ बघत राहिला. नाकाशी नेलेला हात त्यानं खाली घेतला.

"एवढंच?" तो म्हणाला.

गणपतरावांचा हात उठला. खरंच उठला. टांग्याचा पडदा, घरात कोंडलेली बायको, शंभर रिकामी पानं, रुपरावाची म्हातारी आई आणि तिच्या जिभेवरचे ते थेंब, सगळं एवढ्यासाठी झालं होतं, आणि एक सणसणीत थप्पड त्या पोरानं नक्कीच कमावली होती. पण एका हातात पट्टा होता आणि दुसरा हात कापसासाठी लागणार होता.

"एवढंच," ते म्हणाले. "कापूस दे तो इकडे. अन् जाऊन चादर बदल. गिऱ्हाईक बसलं हाये."